दुपारचे दोन किलो

आमच्या महाविद्यालयाच्या इंटर्नशिप मूल्यमापनाच्या फॉर्मवर नववा रकाना असा आहे : 'कामाच्या ठिकाणचे जिओटॅग केलेले फोटो, किमान ४.' त्या रकान्यात एका विद्यार्थिनीने एकच फोटो चिकटवला होता. पीएमपीच्या बसथांब्याचा. थांब्यावर कुणी नाही, मागे फुललेला गुलमोहर, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश. खाली निळ्या पेनने लिहिलेलं : 'यापुढे फोन नेता येत नाही.'

शेजारी बसलेल्या परीक्षकांनी तो फोटो पाहिला आणि हसून माझ्याकडे सरकवला. मीही हसलो. हे प्रकरण लिहून काढायला मी बसलोय तो त्या हसण्यापायी.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी इंटर्नशिपचा समन्वयक आहे. समन्वयक म्हणजे शिफारसपत्रं देणारा, शिक्के मारून घेणारा आणि शेवटी गुणांच्या तक्त्याखाली सही करणारा माणूस. विद्यार्थिनी सातारा जिल्ह्यातली. तिचं नाव इथे येणार नाही. तिने इंटर्नशिप केली ती प्रयोगशाळा पुण्यातली आणि संरक्षण संशोधनातली, यापलीकडे तिचीही ओळख देणार नाही. महाविद्यालयाचं नाव मात्र मी गोपनीयतेसाठी नाही, थोड्या लाजेपोटी गाळतोय. कारण पुढे येईल.

पत्र, पडताळणी, पेढे

गावाकडच्या पोरांना संरक्षण संशोधन म्हटलं की डीआरडीओ आठवते आणि डीआरडीओ म्हटलं की आकाशात झेपावणारं क्षेपणास्त्र. १९५८ साली उभ्या राहिलेल्या या संघटनेचा पसारा प्रत्यक्षात बराच जमिनीवरचा आहे. एकट्या पुण्यात बघा. पाषाणला एआरडीई : इन्सास रायफल इथली, आणि १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत वापरलं गेलेलं पिनाक रॉकेटही इथलं. तिथून जवळच एचईएमआरएल, स्फोटकं आणि रॉकेटची इंधनं हा तिचा विषय. दिघीला लष्करासाठी ट्रकवरून उलगडणारे पूल आणि 'दक्ष' हा बॉम्ब हाताळणारा रोबो बनवणारी संस्था. गिरिनगरला डायट हे विद्यापीठ. शहराबाहेर पडलात तर अहिल्यानगरला लष्करी वाहनं आणि अंबरनाथला नौदलाला लागणारे पदार्थ. यातल्या बहुतेक ठिकाणी दिवसाचं काम म्हणजे काहीतरी घडवणं, ते वाकवणं, तापवणं, मोडणं आणि मोडताना मोजणं. मोजण्याचा वाटा सगळ्यात मोठा, आणि बातम्यांत तो कधी येत नाही.

जानेवारीत मी तिघांची पत्रं पाठवली. सोबत गुणपत्रिका, ओळखपत्र, पोलीस पडताळणीचा दाखला. एप्रिल संपता संपता उत्तर आलं, एकीचंच. मेच्या मध्यापासून सहा आठवडे, विद्यावेतन नाही, राहण्याची सोय आपली आपण. ती मावशीकडे चिंचवडला राहिली. दोन बस बदलून जायची.

घरी मात्र पेढे वाटले गेले होते. 'पोरगी डीआरडीओत लागली' ही बातमी वाडीभर झाली. लागली नाही, प्रशिक्षणाला चाललीय, हे तिने चार जणांना समजावलं आणि पाचव्याला सोडून दिलं. शास्त्रज्ञाची भरती वेगळी, ती 'गेट' या परीक्षेचे गुण आणि मुलाखत अशा वाटेने होते. सहा आठवड्यांच्या कागदाचा त्या रांगेत उपयोग नाही. वडिलांना दुसरीच धास्ती. २०२३ मध्ये पुण्यातल्याच एका शास्त्रज्ञाला गोपनीयतेच्या कायद्याखाली अटक झाल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. 'फोनवर अनोळखी माणसाशी बोलू नकोस,' एवढं त्यांनी एसटीत बसवताना तीनदा सांगितलं.

पहिल्या आठवड्यात तिला कुणी कशाला हात लावू दिला नाही. गेटवर फोन जमा, पेनड्राइव्ह जमा, मनगटावरचं स्मार्टवॉचही जमा. पासवर एकाच इमारतीचा उल्लेख. तिथून वाचनालय आणि कँटीन, बाकी सगळीकडे 'नाही'. मार्गदर्शक शास्त्रज्ञांनी पहिल्या दिवशी हातात पदार्थबलाचं पाठ्यपुस्तक दिलं. दुसऱ्या वर्षाला जे आम्ही शिकवतो, तेच. शुक्रवारी रात्री तिचा मला फोन आला. 'सर, मला इथे कुणी कामच देत नाही. पुस्तकच वाचायचं तर मी घरी वाचलं असतं.' मी म्हणालो, जुळवून घे. असा सल्ला द्यायला समन्वयक लागत नाही, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

पट्टी

दुसऱ्या सोमवारी तिला काम मिळालं. वर्कशॉपला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलाला शिकंज्यात धरलेली ॲल्युमिनियमची पट्टी. रुंदी २५ मिलिमीटर, जाडी ६. एक टोक आवळलेलं, दुसरं मोकळं. मोकळ्या टोकाला वजन टांगायचं आणि त्या टोकापासून २०० मिलिमीटरवर, वरच्या पृष्ठावर, पट्टी किती ताणली जाते ते स्ट्रेन गेजने मोजायचं. बस. बाजारात मिळणारी पट्टी आणि पुस्तकातलं गणित, म्हणूनच हे आकडे मला इथे छापता येतात. या पट्टीवरून पुढे तिथले लोक कशाकडे जातात, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

स्ट्रेन गेज म्हणजे नखाएवढ्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर नागमोडी छापलेली धातूची बारीक रेघ. तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, हे केल्व्हिनने १८५६ मध्ये मांडलं. १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना न सांगता, तशी तार वस्तूवर चिकटवून मोजायची युक्ती काढली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या विमानांच्या चाचण्यांपर्यंत ती सगळीकडे पोचली. आज पुलाची तुळई असो की तोफेची नळी, ती सोसतेय किती हे विचारायचं तर असा गेज लावल्याशिवाय भागत नाही.

दाखवणारे होते तिथले एक जुने तंत्रज्ञ. ती त्यांना काका म्हणायची. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, डोळ्यांवर जाड भिंग, बोटं मात्र सोनाराची. पट्टी आधी बारीक एमरी कागदाने घासायची, मग ॲसिटोनने पुसायची, आणि पुसताना बोळा एकाच दिशेने फिरवायचा, मागे आणायचा नाही. नाहीतर काढलेला तेलकटपणा आपणच परत पसरवतो. गेज सेलोटेपवर उलटा उचलायचा, खुणेवर बसवायचा, डिंकाचा एक थेंब आणि मग अंगठ्याने मिनिटभर दाब. 'मिनिट म्हणजे घड्याळातलं,' काका म्हणायचे, 'मनातलं नाही.' तिचे पहिले सात गेज वाया गेले. कुणी रागावलं नाही, पण प्रत्येक फुकट गेलेला गेज काकांनी तिलाच वहीत चिकटवायला लावला. शेजारी कारण लिहायचं : बुडबुडा. तिरका. सोल्डर सांडलं. बुडबुडा.

आठवा बसला. दोन किलो टांगले.

गणिताने किती यायला हवं ते तिने आधीच काढून ठेवलं होतं. दोन किलोचं बळ १९.६ न्यूटन, २०० मिलिमीटरच्या अंतराने ३.९२ न्यूटन-मीटरचा वाकवणारा आघूर्ण. २५ बाय ६ च्या काटछेदावर त्याचा ताण २६ मेगापास्कलच्या थोडा वर. ॲल्युमिनियमच्या ७० गिगापास्कलने भागलं की ३७४ मायक्रोस्ट्रेन. म्हणजे मीटरभर लांबीत मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त वाढ. १२० ओमच्या गेजमध्ये यामुळे ओमच्या अकराव्या भागाएवढासुद्धा फरक पडत नाही. गेज ज्याच्या एका बाजूत बसतो त्या चार रोधांच्या मंडलाला, म्हणजे ब्रिजला, ५ व्होल्ट दिले तरी पलीकडून एक मिलिव्होल्टदेखील बाहेर येत नाही. एवढ्याशा कुजबुजीवरून पट्टीचं दुखणं ओळखायचं.

यंत्रावर आकडा आला ३६९. तिला वाटलं, झालं. सहा आठवड्यांचं काम दहाव्या दिवशी संपलं.

मार्गदर्शक आले, आकडा बघितला, वजन काढलं, यंत्र शून्यावर आणलं आणि म्हणाले, 'आता काही टांगू नका. नुसतं दर अर्ध्या तासाने वाचा. उद्या सकाळी नऊपासून.'

नऊला शून्य. साडेदहाला ९०. बाराला दोनशेच्या पुढे. अडीच वाजता ३६१. पट्टीला कुणी बोट लावलेलं नाही, टोकाला हूक सोडून काही नाही, आणि यंत्र सांगतंय की दोन किलो लटकलेत.

मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. काहीच घडलेलं नाही आणि आकडा चढतोय. तिने तीन दिवस तेच केलं : नऊला शून्य, अडीचला ३५८ ते ३७२ च्या मधलं काहीतरी. काकांनी त्याला नाव ठेवलं : दुपारचे दोन किलो. 'आले का गं तुझे दोन किलो?' जेवून आल्यावर विचारायचे.

तिचा पहिला संशय स्वतःच्या हातावर. गेज नीट चिकटला नसेल. नवा लावला, तोही चढला. मग यंत्रावर. यंत्र बदललं, तेही. चौथ्या दिवशी निसर्गाने खूण दिली. मे सरत आलेला, दुपारी चारला वळीव कोसळला. पत्र्यावर ताशा वाजावा तसा अर्धा तास. शेडमध्ये गारवा आला आणि ३६० वर गेलेला आकडा तिच्या डोळ्यांदेखत उतरायला लागला. साडेपाचला सत्तर. ती बसथांब्यावर भिजत उभी राहिली आणि घरी जाऊन मावशीकडे कागद मागितला. आतली वही आतच ठेवावी लागते, त्यामुळे आकडे तिने डोक्यात घालून नेले होते.

तापमान, हे तर कळलं. सकाळी शेडमध्ये २७ अंश, दुपारी ३७. पण तापमानाने नक्की कोण बिघडतं? पट्टी, गेज, यंत्र?

काकांनी एवढंच विचारलं : 'वायर किती घेतलीस?'

गेज शेडमध्ये आणि यंत्र पलीकडच्या केबिनमध्ये, कारण केबिनला एसी. मधे दहा मीटर वायर, पत्र्याखालून गेलेली. ये-जा मिळून वीस मीटर तांबं. तिने पलीकडची टोकं जुळवून मल्टिमीटरने रोध मोजला : दीड ओम. तांब्याचा रोध दर अंशाला हजारात ३.९ ने वाढतो. दहा अंशांना दीड ओमवर ०.०५८५ ओम. यंत्राला काय माहीत की हा रोध वायरचा? त्याच्या दृष्टीने गेजच ताणला गेलाय. १२० ओम आणि गेज फॅक्टर (ताणाच्या किती पट रोध बदलतो तो आकडा) २ धरून भागलं की २४४ मायक्रोस्ट्रेन. निव्वळ वायर तापल्याचे.

उपाय जुना आहे : दोनऐवजी तीन वायरी. मग परतीची वायर ब्रिजच्या शेजारच्या बाजूत जाते आणि दोन्ही सारख्याच तापल्या की एकमेकींना खोडतात. तिने वायर बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा ११८. दोन तृतीयांश चूक एका वायरने गेली. ती धावतच मार्गदर्शकांकडे गेली.

ते म्हणाले, 'छान. आणि उरलेलं कुणाचं?'

त्या प्रश्नाला तिला तीन दिवस लागले. तीन दिवस म्हणजे बाहेर असतो तर पंधरा मिनिटं. फोन काढला असता, शोधलं असतं. आत इंटरनेट नाही. कपाटात गेज बनवणाऱ्यांच्या जुन्या पुस्तिका होत्या, त्या तिने पानोपान वाचल्या. तिसऱ्या दिवशी तिने कचऱ्याच्या टोपलीतून गेजचं रिकामं पाकीट शोधून काढलं. पाकिटावर छापलेलं होतं : ११.

हा आकडा गेज कुठल्या धातूसाठी घडवलाय ते सांगतो : तो धातू दर अंशाला दशलक्षात किती भाग फुगतो, ते. गेजची रेघ अशी बनवलेली असते की त्या धातूवर चिकटवल्यास ऊन-गारव्याने येणारा खोटा स्ट्रेन जवळपास नाहीसा व्हावा. ११ म्हणजे पोलाद. ॲल्युमिनियमला २३ लागतो. दोन्हींतला फरक १२, तापमानातला फरक १० अंश : १२० मायक्रोस्ट्रेन. २४४ अधिक १२० बरोबर ३६४. दुपारचे दोन किलो आले कुठून, त्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत लागला.

२३ चे गेज तेव्हा शिलकीत नव्हते. तिने त्याच पट्टीचा मोकळा तुकडा घेतला, त्यावर त्याच पाकिटातला दुसरा गेज लावला, तुकडा पट्टीशेजारी नुसता ठेवला आणि ब्रिजच्या शेजारच्या बाजूत जोडला. दोघंही सारखे तापणार, वाकणार मात्र एकच. अडीच वाजता आकडा ६.

पाकिटं मुद्दाम तशी दिली होती का, हे तिने शेवटच्या दिवशी काकांना विचारलं. काका चहा ओतत होते. 'साहेबांना विचार,' म्हणाले. साहेबांना तिने विचारलं नाही.

झाकली मूठ

आता आमच्याकडची बाजू.

तिने ४३ पानांचा अहवाल लिहिला होता. तो प्रयोगशाळेकडे तपासणीला गेला आणि जुलै संपताना परत आला तेव्हा १९ पानांचा होता. यंत्राची कंपनी आणि मॉडेल गेलं. शेडचा नकाशा गेला. तिथल्या छायाचित्रकाराने काढलेले दोन फोटो गेले. हे तंत्र पुढे कुठे वापरतात, तो परिच्छेद अख्खा गेला. उरली पट्टी, गणित आणि दोन तक्ते. दैनंदिनीची वही आतच राहिली. तिने आठवून नवी लिहिली, त्यात सलग अकरा दिवस 'वाचने घेतली' एवढंच. शिक्का रोजचा हवा होता, तिच्याकडे होतं एकच हजेरीपत्र.

आमचं गुणांचं वाटप असं : अहवाल ४०, सादरीकरण ३०, दैनंदिनी २०, पुरावे १०. तिच्या आधी आलेल्या मुलाने एका खासगी कारखान्यात दोन आठवडे काढले होते. रंगीत ६८ पानं, कन्व्हेयरपुढे हेल्मेट घालून काढलेले अकरा फोटो, प्रत्येकावर जिओटॅग. त्याला ९१ पडले. त्याने कारखान्यात काय केलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यालाही येणार नाही.

मग ही आली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, 'हे कुठल्या उत्पादनासाठी होतं?'

'सांगता येत नाही, सर.'

'यंत्र कुठलं वापरलं?'

'तेही काढून टाकलंय, सर.'

'मग आम्ही गुण कशाला द्यायचे?' ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

त्यांची शंका मला खोटी वाटत नाही. आदल्या वर्षी एक मुलगा असाच एका संरक्षण संस्थेतून आला होता आणि प्रत्येक प्रश्नाला 'गोपनीय आहे' म्हणत होता. आम्ही आदराने ८४ दिले. पुढे त्याच्याच तोंडून कळलं की सहाही आठवडे वाचनालयात एसीखाली गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते उगाच नाही. एकदा पोळलेले परीक्षक दुसऱ्या वर्षी ताकही फुंकून पितात, आणि ताकाचा घोट या वेळी हिच्या वाट्याला आला. अहवाल २२, सादरीकरण २०, दैनंदिनी १२, बसथांब्याच्या फोटोला २. एकूण ५६. तक्त्याखाली माझी सही.

माझी चूक इथे नेमकी सांगतो. तिचा तो १९ पानी अहवाल मी वाचला नव्हता. चाळला होता. 'पट्टी, वजन, स्ट्रेन गेज' एवढं बघून माझ्या मनाने ठरवलं की हा तर आपल्या तिसऱ्या वर्षाच्या लॅबमधला चौथा प्रयोग. डीआरडीओत जाऊन हेच केलं? दुपारचे दोन किलो सातव्या पानावर होते. मी पाचव्यावर थांबलो.

सगळे उठले. ती दाराशी घुटमळत होती. मला वाटलं गुणांबद्दल बोलेल.

'सर, आपल्या लॅबमधला चौथा प्रयोग दुपारच्या बॅचचा चुकतो ना?'

हेअर ड्रायर

चुकतो. ही आमच्या विभागातली जुनी गंमत आहे. सकाळच्या बॅचची वाचनं पुस्तकाशी जुळतात, दुपारच्या बॅचची जुळत नाहीत. दुपारची मुलं सकाळच्यांच्या जर्नलमधून आकडे उतरवतात, एखादा आकडा इकडेतिकडे करतात, आम्ही सही करतो. कारण कुणी शोधलं नाही. दुपारची मुलं जेवून येतात, लक्ष देत नाहीत, हे आमचं कारण. यंत्राच्या शून्य करायच्या नॉबवर प्रयोगशाळा सहायकांनी चिकटपट्टी लावून ठेवली होती : 'हात लावू नये.' पोरं उगाच फिरवतात म्हणून सकाळी एकदा तेच शून्य करायचे आणि दिवसभर तेच चालायचं.

दुसऱ्या दिवशी मी तिला लॅब उघडून दिली. बाहेरच्या परीक्षकांना थांबवून घेणं शक्य नव्हतं; विभागातले दोघे सहकारी आणि सहायक एवढेच होतो. ऑगस्ट महिना, बाहेर झिमझिम, हवेत उकाडा नाही. आज काही चढणार नाही, असं मी म्हणालो. तिने पिशवीतून मावशीचा हेअर ड्रायर काढला.

पट्टीला तिने हात लावला नाही. पट्टी एका टेबलावर, यंत्र दुसऱ्या टेबलावर, मधे लोंबणारी तीनेक मीटर दोनपदरी वायर. ड्रायर सुरू करून तिने तो फक्त वायरीवर धरला. यंत्रावरचा आकडा शून्यावरून निघाला आणि सत्तरीच्या आसपास जाऊन थबकला. ड्रायर बंद केला, उतरला. पुन्हा सुरू, चढला. माझे एक सहकारी, ज्यांनी हा प्रयोग बारा वर्षं घेतलाय, ते खुर्ची ओढून खाली बसले.

मग तिने सोल्डर गन मागितली, तिसरी वायर लावली, तिन्हींना वेणीसारखा पीळ घातला आणि ड्रायर पुन्हा धरला. आकडा तीन-चाराच्या आसपास डुगडुगला आणि तिथेच राहिला. एवढं सगळं चाळीस मिनिटांत. यात ना कुठलं गुपित फुटलं, ना कुठल्या प्रयोगशाळेचं नाव आलं. तरी ती सहा आठवडे काय करत होती, ते मला त्या दिवशी जेवढं दिसलं तेवढं ९१ वाल्याच्या अकरा फोटोंत दिसलं नव्हतं.

इथे मी एक मत मांडतो, आणि ते माझंच आहे. गोपनीयतेच्या जागी काम केलेल्या मुलांना 'तिथे काय केलंस' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. खरं बोलणारी गप्प बसतात आणि रिकामी मुलंही तेच शब्द वापरून गप्प बसतात. परीक्षकाला दोघं सारखीच दिसतात. वस्तू आत राहते, हात आणि डोकं बाहेर येतं. तेव्हा एखादी उघड्या बाजारातली पट्टी पुढे ठेवावी आणि म्हणावं, यावर जे जमतं ते करून दाखव. वाचनालयात बसलेला मुलगा तिथे पाच मिनिटांत उघडा पडेल. मग त्याचे ८४ होणार नाहीत, आणि हिचे ५६ही.

मी तसा प्रस्ताव शैक्षणिक समितीपुढे ठेवला. दोन गोष्टी मान्य झाल्या : जिथून कागद बाहेर येऊ शकत नाहीत अशा ठिकाणी गेलेल्यांची दैनंदिनी मार्गदर्शकाच्या एका पत्रावर स्वीकारायची, आणि सादरीकरणाऐवजी आमच्या लॅबमध्ये प्रात्यक्षिक घेता येईल. फोटोचा रकाना कायम राहिला. तो नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायलीला लागतो म्हणे. बसथांबा चालेल का, असं मी विचारलं. त्यावर समितीत हशा पिकला आणि विषय पुढे गेला.

तिचे गुण बदलले नाहीत. तक्ता पोर्टलवर चढला होता, आणि चढलेला तक्ता उतरवायला जी कारणं चालतात त्यात 'समन्वयकाने अहवाल वाचला नव्हता' हे बसत नाही. मी तिला तसं सरळ सांगितलं. ती म्हणाली, 'असू दे सर, तिथे पहिले सात गेज वाया गेले होते.' मला ते समजुतीचं वाटलं की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही. ती सध्या गेटच्या तयारीला लागलीय. काका निवृत्त झाले. दिवाळीला तिने त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं असेल ते सांगायला नको.

नॉबवरची चिकटपट्टी मी स्वतः काढली. खाली डिंकाचा चिवट डाग आहे, तो ॲसिटोननेही पुरता गेला नाही. मी बहुधा बोळा मागेपुढे फिरवला. आता प्रत्येक बॅच आपलं शून्य आपण करते, आणि फळ्याशेजारी एक साधं थर्मामीटर टांगलंय. या सत्रात दुपारच्या बॅचमधला एक मुलगा जर्नल घेऊन आला. त्याची वाचनं सकाळच्यांपेक्षा नऊने वेगळी होती.

'सर, हे खोडून सकाळचे लिहू का?'

मी त्याला थर्मामीटर बघून यायला सांगितलं.